भोसरीतली वारी : टाळेबंदीतल्या एका घराचं प्रकरण

घर आणि माणसं

भोसरीतली चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. माणसं पाच : ६७ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून, सहावीतला नातू आणि दुसरीतली नात. मुलगा एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर. सून घरीच शिलाई करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. आजी पारनेर तालुक्यातल्या, एरवी गावीच असतात. गावच्या दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी जाणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. मार्च २०२० मध्ये डोळे दाखवायला म्हणून मुलाकडे आल्या आणि अडकल्या.

मी समुपदेशनाचं काम करते आणि त्याच मजल्यावर राहते. हे कुटुंब माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे जे दिसलं, ऐकू आलं आणि नंतर त्यांनी आपणहून सांगितलं, त्यावरून हे लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं त्याला कारण आहे. त्या वर्षी ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य जितकं सांगितलं गेलं, तितकं दुसरं कुठलंच सांगितलं गेलं नसेल. कसं राहायचं, ते सांगणारे थोडे होते. या घरानं जून महिन्यात जे केलं, त्याला घरातल्या कुणीही सकारात्मकता म्हटलं नाही. आजींना तर तो शब्दही ठाऊक नसावा.

मार्च ते मे

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, गॅलरीत उभं राहून सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, नातवानं कुकरचं झाकण वाजवून वाजवून चेपवलं. २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली.

हे एकवीस दिवस त्या घरानं चांगले काढले. मुलगा रोज काहीतरी करायचा. माळा आवरला, मिक्सर दुरुस्त केला, एकदा जिलेब्या करायचा प्रयत्न केला. त्या चमच्यानं खाव्या लागल्या. एकवीस म्हणजे एकवीस, असा त्याचा हिशोब होता. १५ एप्रिलला कामावर जायचं म्हणून त्यानं चौदा तारखेला सकाळी बूटसुद्धा पुसून ठेवले. त्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. मग १७ मे, मग ३१ मे. दर वेळी तो नवा हिशोब मांडायचा आणि दर वेळी तो मोडायचा. तिसऱ्या वाढीनंतर त्यानं हिशोब करणंच सोडून दिलं.

एप्रिलचा पगार अर्धा आला. मेमध्ये मालकांनी सांगितलं, बोलावू तेव्हा या. लग्नसराई बुडाली, त्यामुळे सुनेकडे ब्लाउजचं एकही काम उरलं नाही. तिनं मास्क शिवायला घेतले. इलास्टिक कुठेच मिळेना, तेव्हा परकराच्या नाड्या लावून शिवले. मशीन हॉलमध्ये, टीव्ही हॉलमध्ये, मुलांचे ऑनलाइन वर्गही हॉलमध्येच, आणि घरात चालणारा मोबाइल एकच.

मुलाचं चित्र माझ्या ओळखीचं होतं. रात्री दोन-तीनपर्यंत फोन, सकाळी अकराला उठणं. अंघोळ दुपारी, कधी तीही नाही. टीव्हीवर दिवसभर बातम्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात वाढत जाणारा आकडा. मुलांवर खेकसणं आणि मग तासभर गप्प बसणं. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी कुणाशी तरी बोलून बघा असं सुचवलं, फोनवर मोफत बोलण्याची सोय आहे हेही सांगितलं. “मला काय धाड भरलीय ताई, सगळ्यांचं तेच चाललंय,” म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र उत्साहाला तोटा नव्हता. उगवत्या सूर्याची चित्रं, हेही दिवस जातील, संकट हीच संधी. त्याच्या मेहुण्यानं एक उपक्रम काढला : रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मुलानं दोन दिवस लिहिल्या. पहिल्या दिवशी लिहिलं, “घर आहे. जेवण आहे. सगळे बरे आहेत.” दुसऱ्या दिवशीही अक्षरशः तेच. त्याखाली सुनेनं पेन्सिलीनं जोडलं, “गॅस संपत आलाय.” वही तिथंच थांबली. ते पान मी पाहिलं आहे. त्या तीन महिन्यांतली त्या घरातली सगळ्यांत खरी नोंद पेन्सिलीचीच आहे, असं माझं मत आहे.

पालखी पायी जाणार नाही

आजी या काळात तशा स्थिर होत्या. पंढरपूरचं मंदिर १७ मार्चपासून दर्शनासाठी बंद होतं, ४ एप्रिलची चैत्री एकादशी तशीच गेली. त्यांनी ते सोसलं, कारण आषाढी अजून पुढे होती. २९ मेला पुण्यात उपमुख्यमंत्र्यांच्या बैठकीत ठरलं की यंदा पायी सोहळा होणार नाही. दशमीला फक्त पादुका पंढरपूरला न्यायच्या. विमानानं, हेलिकॉप्टरनं की बसनं, ते पाऊसपाणी पाहून ठरवू.

“माउली इमानानं जानार?” आजींनी तीनदा विचारलं. नातवाला हसू आवरेना. आजींना हसू आलं नाही.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्याकडे झाडं पडली, वीज गेली, दिवसभर अंधारात बसावं लागलं. त्यानंतरच्या आठवड्यात आजींचं जेवण कमी झालं. भाकरी अर्धी ठेवायच्या, पोथी उघडायच्या नाहीत, गॅलरीत आळंदी रस्त्याच्या दिशेला तोंड करून बसायच्या. आळंदी इथून दहा-बारा किलोमीटरवर. ज्या गावाला त्या पारनेरहून चालत यायच्या, ते आता रिक्षाच्या अंतरावर होतं आणि जाता येत नव्हतं. सुनेनं मला विचारलं, “ताई, आत्याबाईंना पण तसंच व्हायला लागलंय का?” तसंच म्हणजे नवऱ्यासारखं.

मग गावाहून दिंडीप्रमुखांचा फोन आला. ते एकेका वारकऱ्याला फोन करत होते. त्यांनी ना धीर दिला, ना समजूत काढली. आजींनी मला जे सांगितलं त्याचा सारांश इतकाच : तेराला प्रस्थान आहे. ज्यानं त्यानं आपल्या घरी नेम चालवायचा. काकडा, हरिपाठ, जागर, सगळं वेळेवर. आणि मुक्काम चुकवायचा नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘मन लावून नामस्मरण करा’ म्हणाले असते तर आजी ‘हो’ म्हणून परत गॅलरीत बसल्या असत्या. ‘मुक्काम चुकवू नका’ म्हटल्यावर त्यांना काम लागलं. त्यांनी नातीकडून कालनिर्णयच्या मागच्या पानावर यादी लिहून घेतली. नेहमीचे मुक्काम आणि यंदाच्या तारखा : १३ जून आळंदी, १४ आणि १५ पुणे, १६ आणि १७ सासवड, १८ जेजुरी, १९ वाल्हे, २० आणि २१ लोणंद, २२ तरडगाव, २३ फलटण, २४ बरड, २५ नातेपुते, २६ माळशिरस, २७ वेळापूर, २८ भंडीशेगाव, २९ वाखरी, ३० पंढरपूर. १ जुलै एकादशी. पान फ्रीजवर लागलं. मार्चपासून त्या घरात लागलेली, पुढे न ढकलली जाणारी ही पहिली तारीख.

पंचवीस मीटरची वाट

प्रस्थान त्यांनी टीव्हीवर पाहिलं. देऊळ जवळजवळ रिकामं आणि मोजकीच माणसं. आजींनी पदर डोळ्यांना लावला, पण लगेच म्हणाल्या, “चला, उशीर झाला,” आणि कुंडीतली तुळस डोक्यावर घेतली.

चालायचं कुठे? पहाटे साडेपाचला इमारतीखाली पार्किंगमध्ये, गाड्यांच्या दोन रांगांमधून. टोकापासून टोकापर्यंत पंचवीसेक मीटर. आजी पुढे, नात मागे, नातू स्टीलच्या डब्यावर ठेका धरणारा. टाळांची जोडी एकच, आजींची स्वतःची. मुलगा पहिले दोन दिवस झोपलेलाच होता.

१६ तारखेला दिवे घाट. पुण्याहून सासवडचा टप्पा वारीतला सगळ्यांत दमवणारा, आणि घाट चढताना ज्ञानोबा-तुकारामचा गजर टिपेला जातो. आजींनी घाट म्हणून जिना ठरवला. मास्क लावून, डोक्यावर तुळस घेऊन, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. सुनेनं बजावलं, “आत्याबाई, दोनदाच. गुडघ्याचं मी करनार न्हाई.” दुसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि नातीला म्हणाल्या, “हितं टाकीवाला पाणी देतो.” तिथं घरात एकटे राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी दार उघडून खरोखरच तांब्या आणून दिला. पुढे रोज सकाळी त्यांच्या दारात तांब्या ठेवलेला असायचा.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली की जिन्यात गर्दी होते, पहाटे आवाज होतो. त्यातला पहिला मुद्दा रास्त होता. तोडगा निघाला : सहाच्या आत संपवायचं, घरच्यांशिवाय कुणी नाही, डबा जिन्यात वाजवायचा नाही. नातवाला तो अन्याय वाटला.

घाटाच्या त्या सकाळीच मुलगा पहिल्यांदा खाली आला. भक्तीनं नाही, आई जिन्यात पडली तर काय, म्हणून. मागे मागे चढला, मागे मागे उतरला. पण पावणेसहाला तो उठलेला होता, अंगावर शर्ट होता, आणि सात वाजता घरात सगळ्यांचा एकत्र चहा झाला. कित्येक आठवड्यांत तो झाला नव्हता.

२१ तारखेला, लोणंदच्या मुक्कामी, सूर्यग्रहण आलं. ग्रहण सुटेपर्यंत आजी माळ घेऊन बसल्या, नातू मात्र चाळणीतून जमिनीवर पडणाऱ्या ग्रहणाच्या चंद्रकोरी मोजत होता. २२ ला चांदोबाचा लिंब : तिथं माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वाची दौड, होत असतं. ते गच्चीवर झालं. अश्व झाली नात, पाठीला आईची जुनी ओढणी बांधून. तिनं इतक्या जोरात दौड मारली की टाकीच्या पाइपला अडखळून गुडघा फोडून घेतला. त्यावर तिला हळद लावली गेली आणि तिनं ती आठवडाभर मिरवली.

तक्रारीचा टाळ

या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग मला चालण्यापेक्षा संध्याकाळचा वाटतो.

वारीत मुक्कामाला पोचल्यावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावून “होऽऽ” म्हणतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो, तड लावतो. मग तो टाळ थांबतो. हरवलं-सापडलं आणि दुसऱ्या दिवशीच्या वेळा पुकारल्या जातात, आणि आरती होते. तक्रार मिटल्याशिवाय आरती होत नाही, हा त्यातला गाभा.

आजींनी हे जसंच्या तसं घरात आणलं. संध्याकाळी सात वाजता हरिपाठ, मग आजी लाटणं उंच धरून “होऽऽ” म्हणायच्या. टाळांची जोडी एकच, म्हणून ती मध्ये ठेवायची. ज्याची तक्रार असेल त्यानं ती उचलायची आणि वाजवायची. नियम दोन. वाजवणाऱ्याला बाकीच्यांनी मध्येच तोडायचं नाही. आणि वारी संपेपर्यंत एकमेकांना ‘माउली’ म्हणायचं, दिंडीत म्हणतात तसं. भांडताना याची फार अडचण होते. “माउली, तो मोबाइल खाली ठेवता का आता?” हे रागानं म्हणून पाहा.

पहिल्या दिवशी कुणीच टाळ उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नातवानं उचलला. त्याचं म्हणणं, बाबा दिवसभर बातम्या लावतात, गणिताचा तास ऐकू येत नाही. मुलगा उसळला, पण मध्ये बोलायची मुभा नव्हती. निकाल : बातम्या संध्याकाळी साडेसातला, एकदाच, अर्धा तास. मी ज्याला उपचाराच्या भाषेत बातम्यांचं रेशनिंग म्हटलं असतं आणि जे सांगून कुणी ऐकलं नसतं, ते अकरा वर्षांच्या पोरानं एका टाळात मिळवलं.

जेजुरीच्या मुक्कामी सुनेनं टाळ उचलला आणि बराच वेळ वाजवत राहिली. मग बोलली. वारी सगळ्यांची आहे, पण पहाटेचा चहा, उपासाचं वेगळं, मुलांचं वेगळं आणि रात्रीची भांडी माझी एकटीची आहेत. मी दोनशे मास्क उद्याला देणं लागते. दिंडीत काय एकच बाई सैंपाक करती का?

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, “न्हाई. पाळ्या असत्यात.” त्यांच्या दिंडीत पाण्याच्या टँकरपासून भाकरीपर्यंत सगळ्याची वाटणी असते, हे त्यांना सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर दुसरं पान लागलं. भांडी मुलाकडे. भाजी चिरणं नातवाकडे. पाणी भरणं नातीकडे, छोट्या कळशीनं. सुनेला दुपारी दोन ते पाच हॉल आणि मशीन, त्या वेळात कुणी हाक मारायची नाही. मुलानं पहिल्या दिवशी भांडी इतक्या रागानं घासली की एका पातेल्याची कडी निघाली. तरी घासली.

बरडच्या मुक्कामी मुलानं टाळ उचलला. खूप वेळ वाजवला. मग म्हणाला, “जुलैत बोलावतील का म्हाईत न्हाई. हप्ता आहे. कुनाला सांगू?” याची तड चोपदाराकडे नव्हती. आजी तसं म्हणाल्याही, “ह्याचं माज्याकडं काय न्हाई, माउली.” पण घराच्या हप्त्याला रिझर्व्ह बँकेनं मुदतवाढ दिली आहे, हे सुनेला शिलाईच्या गिऱ्हाइकांकडून कळलेलं होतं. आपला हप्ता त्यात बसतो का, हे नवऱ्याला विचारायचं तिनं दीड महिना टाळलं होतं, कारण पैशाचा विषय काढला की तो उठून जायचा. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून बँकेत फोन केला.

जे जमलं नाही

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हे प्रकरण ग्रुपवरच्या सुविचारासारखं होईल.

नातीला काकड्याला उठवणं तीन-चार दिवसांतच बंद झालं. ती दिवसा पेंगायची. हरिपाठाचे अभंग मुलांना कंटाळवाणे वाटायचे, नातू अधूनमधून ओळी खाऊन टाकायचा. मास्कचे पैसे एका दुकानदारानं बुडवले. माळशिरसच्या दिवशी मुलगा परत अकरापर्यंत झोपला आणि कुणाशी बोलला नाही. त्या दिवशी पार्किंगमध्ये आजी एकट्याच चालल्या. आणि पाचही जणांच्या मनातली भीती, आपल्या घरात आजार आला तर आजींचं काय, ती एकदाही टाळावर आली नाही. काही तक्रारी टाळात मावत नाहीत.

शिवाय हे घर सुस्थितीत होतं, हे विसरून चालणार नाही. छप्पर होतं, अर्धा का होईना पगार येऊन गेला होता. त्याच एप्रिल-मेमध्ये याच एमआयडीसीतून, चाकणमधून, कामगार बायकापोरं घेऊन हमरस्त्यानं गावाकडे चालत निघाले होते. त्यांना कुणी मुक्कामांची यादी दिली नव्हती. त्यांना सकारात्मक राहायला सांगणं ही क्रूर थट्टा झाली असती.

हे चाललं कशामुळे

श्रद्धेमुळे, असं उत्तर सोपं आहे. आजींच्या बाबतीत ते खरंही आहे. मुलाच्या बाबतीत नाही. तो माळकरी नाही, त्या अठरा-एकोणीस दिवसांत झालाही नाही. तरी त्याची झोप दीड-दोन तासांनी अलीकडे आली आणि घरात तो बोलायला लागला. त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

नैराश्यावरच्या उपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची एक रीत आहे. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी तिचा पाया घातला. मांडणी साधी आहे : मन खचलं की माणूस हालचाली कमी करतो, त्यामुळे बरं वाटण्याच्या जागा कमी होतात, त्यामुळे मन आणखी खचतं. हे चक्र विचारांच्या बाजूनं तोडण्याऐवजी कृतीच्या बाजूनं तोडायचं. बरं वाटेल तेव्हा उठू, असं म्हणायचं नाही. ठरल्या वेळी उठायचं, बरं वाटणं मागून येतं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत विचार बदलण्याचा भाग वगळून नुसती ही कृतीची बाजू वापरली, तरी पूर्ण उपचाराइतकाच गुण दिसला होता. वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिणं विचारांच्या बाजूनं होतं. जिना चढणं दुसऱ्या बाजूनं होतं.

पण नुसता दिनक्रम तर सगळेच सांगत होते. सकाळी उठा, व्यायाम करा, छंद जोपासा. तो टिकत नव्हता, कारण त्याला शेवट नव्हता आणि तो चुकला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मुक्कामांच्या यादीला शेवट होता. सरकारी तारखा सरकत होत्या, एकादशी सरकणार नव्हती. रोजचा दिवस आदल्या दिवसापेक्षा वेगळ्या नावाचा होता. एप्रिलमध्ये त्याच घरात वार कुठला हे विचारावं लागत होतं. आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला लागणारं काम होतं. नातीनं कळशी भरली नाही तर तुळशीला पाणी नव्हतं.

तिसरी गोष्ट तक्रारीची. सतत चांगलं बोलायचा आग्रह असला की वाईट वाटणं हाच अपराध होतो. मग ते भांड्यांवर निघतं, नाहीतर पोरांवर. या घरात वाईट बोलायला वेळ, जागा आणि वाद्य ठरलेलं होतं. सात वाजता टाळ उचलता येणार, हे माहीत असल्यामुळे दुपारी तीनला सून खेकसायची नाही, असं तिनंच मला सांगितलं. सगळा दिवस हसतमुख राहायचं ओझं कुणावर नव्हतं. जुन्या मंडळींनी लाखांचा जमाव शिस्तीत चालवण्यासाठी लावलेली ही व्यवस्था पाच माणसांच्या हॉलमध्ये लागू पडली, याचं मला व्यावसायिक कौतुक आहे. आमच्या क्षेत्रात कुटुंबाची बैठक म्हणून हेच शिकवतात, फक्त त्यात लाटणं नसतं.

वारीच हवी असं नाही. माझ्या ओळखीच्या एकांनी त्याच काळात अंगणातल्या फेऱ्यांची बेरीज करत नकाशावर पुणे ते कन्याकुमारी चालायला घेतलं होतं. ते एकटे होते, साताऱ्यापाशी कंटाळले. मागे कुणी डबा वाजवणारं हवं.

एकादशी आणि पुढे

३० जूनला पादुका एसटीच्या सजवलेल्या बसनं मोजक्या वारकऱ्यांसह पंढरपूरला गेल्या. विमानाचा विषय मिटला, आजींना हायसं वाटलं. एकादशीची महापूजा पाहायला त्या मध्यरात्री उठून बसल्या आणि मुलगाही बसला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे मुंबईहून स्वतः गाडी चालवत गेले होते. दरवर्षी दर्शनरांगेतल्या वारकऱ्याला पूजेचा मान मिळतो. यंदा रांगच नव्हती, म्हणून तो मंदिरात सेवा करणाऱ्या विणेकऱ्याला मिळाला. आजी म्हणाल्या, “बरं झालं. त्यो तर रोजच उभा असतो.”

खरी परीक्षा त्यानंतर होती. यादी संपली आणि पुण्यात-पिंपरी चिंचवडमध्ये १४ ते २३ जुलै पुन्हा कडक टाळेबंदी लागली. आजींनी चातुर्मासाचा नेम धरला. त्या वर्षी अधिक आश्विनामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा होता. त्यांना तो चालला, पोरांना आणि मुलाला एवढा लांबचा शेवट धरता आला नाही. पहाटेचं चालणं बंद पडलं. मुलाचं उठणं परत नऊ-दहावर गेलं. भांड्यांची पाळी आणि सातचा टाळ राहिले, बहुधा सुनेनं ते सोडू दिले नाहीत म्हणून.

ऑगस्टमध्ये कारखान्यानं बोलावलं, आठवड्यातून तीन दिवस. काम आलं म्हणजे माणूस सुधारेल असं घरच्यांना वाटलं होतं. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी त्यानं टाळ उचलला आणि सांगितलं की रात्र रात्र झोप लागत नाही, छातीत धडधडतं, आणि हे जूनच्या आधीपासून आहे. सुनेनं त्याच रात्री माझं दार वाजवलं. या वेळी तो बोलायला तयार होता. मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध काही महिने चाललं, सोबत बोलणंही. मार्चपर्यंत त्याला बराच आराम पडला.

मंदिरं १६ नोव्हेंबरला उघडली. आजी महिनाअखेरीला गावी गेल्या, जाताना टाळ घेऊन गेल्या. नातवानं आळंदीहून नवी जोडी आणवली. २०२१ लाही पालख्या बसनंच गेल्या. २०२२ मध्ये पायी सोहळा परत सुरू झाला, तेव्हा आजी आपल्या दिंडीत होत्या. सून आळंदी ते पुणे त्यांच्याबरोबर चालली आणि संध्याकाळच्या बसनं परत आली. लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते. मुलगा त्या दिवशी कामावर होता. मुलांचा स्वयंपाक त्यानं आदल्या रात्रीच करून ठेवला होता.